ठाण्याची खाडी आणि सागरी दोस्तीचे तह

उल्हास नदी कल्याणवरून, डोंबिवलीच्या काठाने वाहत ठाण्यापाशी येते. तेथे एक ओघ घोडबंदरवरून वसईच्या समुद्रास मिळतो, तर दुसऱ्या बाजूने दक्षिणेस मुंबई बंदराकडे जाणारी खाडी लागते. कल्याण बंदरातून निघालेल्या गलबताला कोणत्याही वाटेने समुद्र गाठावयाचा असला, तरी ठाण्याच्या तोफांच्या माऱ्यातून जाणे भाग असे. हा चिंचोळा जलमार्ग कोणाचा, हा वाद सुमारे अडीचशे वर्षे चालला, आणि त्या निमित्ताने परस्परांच्या संरक्षणाची हमी देणारे अनेक तह झाले. या तहांचा इतिहास किल्ल्यांच्या इतिहासाइतकाच उद्बोधक आहे.

पहिला महत्त्वाचा तह १५३४ चा. हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने पोर्तुगीजांची मैत्री पत्करली व वसई, तिच्या ताब्यातील साष्टी, मुंबई आदी मुलुखासह, त्यांना दिली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईस परवाना घ्यावा आणि सुलतानाने आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधू नयेत, अशाही अटी त्यात होत्या. मित्राने मदतीपूर्वीच सागरी सत्ता काढून घेतली! तीन वर्षांच्या आत, १५३७ मध्ये, दीवनजीक पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशहा समुद्रात प्राणास मुकला.

पुढे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत आरमाराची उभारणी आरंभिली. या कामावरील पोर्तुगीज कारागीर पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या चिथावणीने काम सोडून गेले. कल्याणची जहाजे उद्या ठाण्यावरून जातील तेव्हा काय होईल, हे त्या अधिकाऱ्यांनी पुरते ओळखले होते.

१६६१ च्या विवाह-तहाने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. त्यातील गुप्त कलमानुसार, डचांपासून पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील ठाण्यांचे रक्षण करण्याचे वचन इंग्लंडने दिले होते. परंतु ‘मुंबई’ म्हणजे किती, याचा उलगडा तहात नव्हता. साष्टी व ठाणे त्यात येतात, असे इंग्रज म्हणत; एका बेटापलीकडे काही दिलेले नाही, असे पोर्तुगीज सांगत. ही तंटेबाजी चालू असतानाच १६६३ मध्ये डचांनी कोचीन घेतले, आणि मुंबईचा ताबा प्रत्यक्षात १६६५ मध्ये मिळाला. ठाण्यावरून कल्याणकडे जाणाऱ्या मुंबईच्या मालावर पोर्तुगीज जकात मागत राहिले. दोस्तराष्ट्रांमधील कटुतेचे मूळ या जकातीत होते.

तरीही कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने दोघांसही जेरीस आणले, तेव्हा १७२१ मध्ये त्यांनी संयुक्त आघाडी केली व अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर स्वारी नेली. ती फसली. अपयशाचे खापर परस्परांवर फुटले. इंग्रज आरमारप्रमुख मॅथ्यूज याने उत्तर प्रांताच्या पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली, अशी नोंद तत्कालीन इंग्रज वृत्तांतात आहे. बाजीराव पेशवे फौजेसह येताच पोर्तुगीजांनी १७२२ च्या आरंभी मराठ्यांशी स्वतंत्र तह करून टाकला. इंग्रजांनी ही गोष्ट मनात ठेवली.

खरी कसोटी १७३७ मध्ये लागली. ठाण्याचा किल्ला बांधून पुरा झालेला नव्हता, तोच मराठ्यांनी तो घेतला. चिमाजीअप्पांनी वसईला वेढा दिला, तेव्हा पोर्तुगीजांनी मुंबईकडे वारंवार मदत मागितली. मिळाले ते थोडे साहित्य आणि चर्चची चांदी व तोफा गहाण ठेवून घेतलेले कर्ज. १६६१ च्या कलमात डचांचे नाव होते, मराठ्यांचे नव्हते. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि जुलैत मुंबईकरांचा दूत इंचबर्ड याने मराठ्यांशी व्यापाराचा तह केलादेखील!

संरक्षणाचे वचन नेमके कोणत्या पाण्याला व कोणत्या शत्रूला लागू, हा प्रश्न जुना झालेला नाही. अमेरिका व फिलिपाईन्स यांच्या १९५१ च्या करारात प्रशांत महासागरातील हल्ल्याचा उल्लेख आहे. चीनशी वाद असलेला दक्षिण चीन समुद्र त्यात मोडतो, असे अमेरिकेने २०१९ मध्ये स्पष्टपणे सांगितले. ठाण्याच्या बाबतीत असा खुलासा कोणीही केला नव्हता, कारण संदिग्धता मुंबईच्या सोयीची होती.

मराठ्यांनी यातून बोध घ्यावयास हवा होता. परंतु १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांशीच हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी आंग्र्यांचे आरमार जळाले. घरातील बंडखोर सरदार गेला, पण त्याबरोबर कोकण किनाऱ्यावर इंग्रजांस अडवू शकणारे प्रमुख बळही गेले. अठरा वर्षांनी त्याची किंमत ठाण्याने दिली. साष्टी परत घेण्यास पोर्तुगीज आरमार येत असल्याची वार्ता मुंबईस लागली. त्यांच्या आधी आपणच ती घ्यावी, या हिशेबाने इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला काबीज केला. पोर्तुगीजांनी निषेध नोंदविला. त्यानंतर १७७५ मध्ये सुरत येथे राघोबादादांनी लष्करी मदतीच्या मोबदल्यात साष्टी व वसई लिहून दिली. म्हणजे किल्ला आधी आणि तह मागाहून.

१७८० मध्ये कल्याणही इंग्रजांच्या हाती पडले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र मिळाली नाही. ठाण्याच्या त्या किल्ल्यात पुढे कारागृह झाले, आणि ते आजही तेथेच आहे.