सूक्ष्मदर्शीचा कॅमेरा, नवे सॉफ्टवेअर आणि गुळवेल सत्त्वाची परीक्षा

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील जंगलांतून हिरडा, बेहडा, आवळा, बिब्बा, कुड्याची साल, गुळवेल अशी द्रव्ये आपल्या औषधी निर्मात्यांकडे येतात. द्रव्य अखंड असेपर्यंत डोळा, नाक व जीभ ही साधने पुष्कळशी पुरेशी ठरतात. द्रव्याचे चूर्ण झाले, किंवा गुळवेलीसारख्या वनस्पतीचे सत्त्व निघाले, की तेथे सूक्ष्मदर्शीवाचून गत्यंतर नसते. आयुर्वेदिक औषधनिर्मितीसाठी अनुसूची ‘टी’ २००० मध्ये लागू झाली, तेव्हापासून कच्च्या द्रव्याची तपासणी व तिची नोंद यांना कायद्याचेही अधिष्ठान लाभले. पुढे अनेकांनी सूक्ष्मदर्शीवर यूएसबी कॅमेरा बसविला. चित्र संगणकावर दिसावे, कणांचे माप घेता यावे आणि ते चित्र बॅचच्या नोंदीला जोडता यावे, एवढाच हेतू.

अडचण येते ती सॉफ्टवेअर नवे बसविल्यावर किंवा संगणक बदलल्यावर. काल चालणारा कॅमेरा आज ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ असे सांगतो, पडदा काळा राहतो, क्वचित चित्र गोठून बसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला व अनेकांनी विंडोज ११ कडे प्रस्थान केले, त्यामुळे अशा विचारणा आमच्याकडे वाढल्या आहेत. त्यांचा विचार येथे करू. मात्र चित्र पुन्हा दिसू लागले म्हणजे काम संपले, ही समजूत या सर्व प्रकरणातील सर्वांत घातक आहे, असे आमचे मत आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

ड्रायव्हर म्हणजे संगणक व कॅमेरा यांच्यामधला दुभाषी. सॉफ्टवेअर कितीही उत्तम असले तरी दुभाषी गैरहजर असेल, जुन्या बोलीचा असेल किंवा एकाच्या जागी दोघे बसले असतील तर संवाद तुटतो. आधी रोगाची परीक्षा, मग औषध हा आपला नित्याचा क्रम येथेही सोडू नये. त्रुटी दिसताच सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसविण्याची घाई बहुतेक जण करतात व मूळ लक्षण पुसून टाकतात.

प्रथम डिव्हाइस मॅनेजर उघडावा. कॅमेऱ्याचे नाव ‘कॅमेराज’ किंवा ‘इमेजिंग डिव्हायसेस’ या गटात आहे काय, की ‘अदर डिव्हायसेस’मध्ये पिवळ्या चिन्हासह पडले आहे, हे पाहावे. नावावर दोनदा क्लिक केल्यास एक कोड दिसतो. हा कोड लिहून घ्यावा, कारण निदान बरेचसे तेथेच होते. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, परंतु यंत्र सुरू होत नाही. कोड ३९ मध्ये ड्रायव्हरची फाईल सदोष, गहाळ किंवा विंडोजने अडविलेली असते. विंडोजमधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण जुन्या ड्रायव्हरना असे अडविते. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील डिजिटल स्वाक्षरी विंडोजला मान्य नाही. कोड ४३ मध्ये कॅमेऱ्यानेच बिघाड कळविलेला असतो. या शेवटच्या प्रकारात सॉफ्टवेअरला दोष देण्यापूर्वी केबल बदलावी, कॅमेरा हबमधून न जोडता संगणकाच्या मागील बाजूच्या पोर्टला थेट जोडावा व शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर लावून पाहावा. वैद्यांना ही पद्धत परिचितच आहे. हा उपशय-अनुपशयाचाच प्रयोग होय. दुसऱ्या संगणकावर कॅमेरा चालला तर दोष पहिल्या संगणकात आहे. तेथेही न चालल्यास केबल किंवा कॅमेरा दोषी समजावा.

कॅमेऱ्याचे नाव योग्य ठिकाणी आहे, पिवळे चिन्ह नाही, तरी सॉफ्टवेअरला कॅमेरा दिसत नाही, असेही घडते. विंडोज १० व ११ मध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते आणि डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी तेथे वेगळे बटण असते. दुसरा एखादा प्रोग्रॅम, बहुधा व्हिडिओ कॉलचा, कॅमेरा अडवून बसलेला असू शकतो. अँटीव्हायरसमध्ये वेबकॅमचे रक्षण करणारा भाग असल्यास तोही पाहावा. काही जुनी सॉफ्टवेअरे ट्वेन पद्धतीने चित्र घेतात. तेथे ३२ बिटच्या प्रोग्रॅमला ६४ बिटचा ट्वेन ड्रायव्हर दिसत नाही, दोन्ही एकाच जातीचे लागतात. विंडोज ११ तर केवळ ६४ बिटमध्येच मिळते. ज्या कॅमेऱ्याच्या निर्मात्याने ३२ बिटचाच ड्रायव्हर दिला, तो कॅमेरा त्यावर चालणार नाही. अशा वेळी खटपट सोडून द्यावी हे बरे.

नव्याने बसवितानाचा क्रम महत्त्वाचा आहे. जुने सॉफ्टवेअर काढावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेरा ‘अनइन्स्टॉल’ करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करावी. कॅमेरा काढून ठेवून संगणक पुन्हा सुरू करावा, नवे सॉफ्टवेअर बसवावे आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर त्यानंतरच कॅमेरा जोडावा. कॅमेरा आधी जोडला तर विंडोज आपल्याकडील सर्वसाधारण ड्रायव्हर त्याला लावून मोकळी होते. चित्र दिसते, पण कॅमेऱ्याची पूर्ण क्षमता मिळेलच असे नाही. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत’ असे आश्वासन देणारे फुकट प्रोग्रॅम मात्र कटाक्षाने टाळावेत. सर्व रोगांवर एकच पुडी देणाऱ्या भोंदूंविषयी आपण रुग्णांना जे सांगतो, तेच येथे लागू आहे. तसेच स्वाक्षरीची तपासणी किंवा मेमरी इंटिग्रिटी कायमची बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास, त्याच संगणकावर रुग्णांच्या नोंदी आहेत हे स्मरावे. जुना कॅमेरा चालविणे अगदी अपरिहार्य असेल तर त्यासाठी इंटरनेटला न जोडलेला जुना संगणक वेगळा ठेवावा.

दोष नेहमी आपल्याकडेच असतो असेही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० च्या ‘ॲनिव्हर्सरी अपडेट’नंतर जगभर असंख्य वेबकॅम गोठू लागले. एमजेपेग व एच.२६४ या पद्धतींनी संकोचित केलेले चित्र विंडोज प्रोग्रॅमपर्यंत पोहोचूच देत नव्हती, ते पुढे मायक्रोसॉफ्टला दुरुस्त करावे लागले. अद्यतनाच्या दुसऱ्याच दिवशी कॅमेरा बंद पडला तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय आधी वापरून पाहावा.

आता मुख्य मुद्दा. गुळवेलीचे सत्त्व म्हणजे प्रायः पिष्ट. त्याचा उतारा अत्यल्प असल्याने त्यात बटाट्याचे किंवा मक्याचे पिष्ट मिसळण्याचा मोह बाजारात होतो. आयोडीनचा थेंब येथे निरुपयोगी, कारण कोणतेही पिष्ट निळेच होते. सूक्ष्मदर्शीखाली मात्र भेद दिसतो. गुळवेलीचे कण लहान, अंडाकृती किंवा अनियमित, क्वचित दोन ते चार जोडलेले व लांबीने साधारण १७ मायक्रॉनच्या आत असतात. मक्याचे कण बहुकोनी, मध्यभागी चीर असलेले. बटाट्याचे कण मोठे, काही १०० मायक्रॉनपर्यंत, केंद्र एका टोकाला व भोवती शिंपल्यासारखी वलये. अर्थात सत्त्व कोणत्या जातीच्या गुळवेलीचे, हा प्रश्न काडी हाती असतानाच सोडवावा. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच वापरावी, तिच्यासारखी दिसणारी क्रिस्पा नव्हे, असे आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहेच.

माप घेताना सॉफ्टवेअर पिक्सेल मोजते आणि आपण पूर्वी दिलेल्या प्रमाणाने त्याचे मायक्रॉन करते. समजा ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर २०४८ पिक्सेल रुंदीच्या चित्रात १० मायक्रॉन म्हणजे ६० पिक्सेल असे प्रमाण नोंदविलेले आहे. नव्या ड्रायव्हरने तेच दृश्य १०२४ पिक्सेलमध्ये देण्यास आरंभ केला, तर १० मायक्रॉनचे ३० च पिक्सेल होतात. सॉफ्टवेअरने जुनेच प्रमाण धरले तर बटाट्याचा ३२ मायक्रॉनचा कण पडद्यावर १६ मायक्रॉनचा ठरतो, म्हणजे थेट गुळवेलीच्या मर्यादेत येऊन बसतो. भेसळ नजरेआड होते व चुकीचे माप चित्रासह बॅचच्या नोंदीत कायमचे राहते. उलट प्रकारही तितकाच वाईट. कमी रिझोल्यूशनवर प्रमाण घेतलेले असून चित्र दुप्पट रुंदीचे येऊ लागले, तर गुळवेलीचा १४ मायक्रॉनचा कण २८ चा दिसतो आणि एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील एखाद्या संकलकाचा शुद्ध माल भेसळीचा शिक्का बसून परत जातो. त्याच्या हंगामाच्या कमाईचा हा प्रश्न आहे.

रिझोल्यूशन का बदलते, हेही समजून घ्यावे. २०४८ गुणिले १५३६ पिक्सेलचे असंकोचित चित्र प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट धरले तर सुमारे ६.३ मेगाबाइटचे होते. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम सहा चित्रे. ही गती संथ वाटू नये म्हणून काही सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडताना लहान चित्रच निवडतात. कधी ड्रायव्हर एकाआड एक पिक्सेल वगळतो, तेव्हा प्रमाण बदलते. कधी तो केवळ मधला भाग कापून देतो, तेव्हा दृश्य अरुंद होते पण प्रमाण तेच राहते. पडद्याकडे पाहून यातील काय घडले हे खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर बदलला की स्टेज मायक्रोमीटर लावून प्रत्येक ऑब्जेक्टिव्हचे प्रमाण नव्याने घ्यावे. एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली ही काचपट्टी असते, एक भाग १० मायक्रॉनचा. प्रमाणाजवळ ऑब्जेक्टिव्ह, चित्राची पिक्सेल-रुंदी, ड्रायव्हरची आवृत्ती व दिनांक लिहावा. पट्टी जवळ नसल्यास नजीकच्या विज्ञान महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारावे, तेथे ती बहुधा असते. तोपर्यंत ढोबळ पडताळणी म्हणून स्वयंपाकघरातील बटाटा कापून त्याचा रस काचेवर घ्यावा. त्यातील मोठ्यांत मोठे कणही २५-३० मायक्रॉनच्या पुढे जात नसतील तर प्रमाण बिघडले आहे असे धरून चालावे. सॉफ्टवेअर बदलल्याच्या दिनांकानंतरची आणि नव्या प्रमाणापूर्वीची सर्व मापे नोंदवहीत लाल शाईने वेगळी करावीत व त्या बॅचचे राखीव नमुने पुन्हा तपासावेत.

कॅमेरा दुरुस्त होईपर्यंत काम थांबविण्याचे कारण नाही. आयपीस मायक्रोमीटर, तोही स्टेज मायक्रोमीटरवर एकदा ताडून घेतलेला, कणांचे माप कोणत्याही ड्रायव्हरविना देतो. आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तेथे इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून घेण्याची भिस्त ठेवता येत नाही. चालू असलेल्या सॉफ्टवेअरची व ड्रायव्हरची मूळ फाईल पावसाळ्यापूर्वीच पेन ड्राइव्हवर उतरवून, त्यावर आवृत्ती लिहून, सूक्ष्मदर्शीच्याच पेटीत सिलिका जेलच्या पुडीशेजारी ठेवावी.