खारपाण पट्ट्यात कुंडीतील शोभेचे गवत

कापडाच्या दुकानदाराला कुंडीचे काय काम, असे काही व्यापारी बंधू विचारतील. पण गिऱ्हाईक आधी दुकानाची पायरी पाहते, मग थान. तीन वर्षांपूर्वी आम्ही शेगावातील आमच्या दुकानाच्या दारात सहा कुंड्या मांडल्या. आमच्याकडच्या उन्हाळ्यात नाजूक फुलझाडे टिकत नाहीत, म्हणून गवतासारख्या लांब पात्याची पाच रोपे बाहेरगावच्या एका नर्सरीतून आणली. सहाव्या कुंडीत घरच्या अंगणातला वाळा लावला. चार महिन्यांत ती पाचही रोपे गेली. आधी पात्यांची टोके तपकिरी झाली, मग पाती खालपर्यंत वाळली आणि कुंडीच्या काठावर पांढरी पापडी धरली. पाणी कमी पडते असे समजून आम्ही बोअरचे पाणी आणखी घालत राहिलो. चूक तिथेच होती.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीचे खोरे म्हणजे खारपाण पट्टा. आमचा शेगाव तालुका त्यातच येतो. येथील पुष्कळ विहिरींचे व बोअरचे पाणी खारे आहे. कुंडीत पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. रोज एक तांब्या पाणी म्हणजे रोज चिमूटभर मीठ. रंगारी बंधूंना हे समजावण्याची गरज नाही. खाऱ्या पाण्यात धुतलेले कापड वाळले की त्यावर पांढरट झाक राहते, तोच हा प्रकार.

म्हणून रोप घेण्याआधी आपले पाणी पाहावे. स्पायडर प्लांट दिसायला सुंदर, पण खाऱ्या पाण्यापुढे लवकर हार मानते. छत्रीसारख्या पानांचे छत्री गवत ओलाव्यात खुशाल राहते. मात्र त्याला गोडे पाणी हवे. गवती चहा मधला आहे, अधूनमधून गोडे पाणी मिळाले तर तग धरतो. वाळा मात्र खारेपणा चांगला सोसतो. अत्तरवाले बंधू याला खस म्हणतात. कनौजला याच्याच मुळ्यांपासून रूह खस काढतात. जमिनीत याची मुळे तीन मीटरपर्यंत खोल जातात, म्हणून उथळ कुंडी चालत नाही. अर्धा कापलेला ड्रम उत्तम. पाती फार वाढली तर गुडघ्याएवढी ठेवून कापावीत.

निव्वळ काळी माती कुंडीत भरू नये. ओली असता ती चिकटून बसते, वाळली की कडेने फटी पडतात आणि पाणी मुळांना न भेटता निघून जाते. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेले शेणखत हे मिश्रण आम्हाला मानवले. तळाला भोक असलेच पाहिजे आणि खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर धुऊन निघालेले मीठ पुन्हा वर चढते.

पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांखाली ठेवाव्यात. साचलेले मीठ वाहून जाते. पावसाचे पाणी साठवताही येते. १०० चौरस फूट पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९० लिटर पाणी होते. ड्रमच्या तोंडावर मलमलचे दुहेरी कापड घट्ट बांधावे, म्हणजे डास होणार नाहीत. हे पाणी उन्हाळ्यासाठी राखून दर पंधरा दिवसांनी एकदा कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत घालावे. थोडेथोडे शिंपडण्यात फायदा नाही.

आता नफ्याची गोष्ट. कुंडीतल्या मुळ्यांवर धंदा उभा राहील अशी आशा ठेवू नये. माल फार थोडा निघतो. आम्ही त्या सावलीत वाळवून थानांच्या कपाटात ठेवतो, वास छान राहतो. विकायचे तर फुटवे विकावेत. वाढलेला एक बुंधा पावसाळ्याच्या तोंडाला फोडला की अनेक फुटवे मिळतात. शेगावात लॉज व भोजनालये पुष्कळ आहेत, त्यांना दारात हिरवळ हवी असते. शिलाईकाम करणाऱ्या भगिनींना घराच्या ओट्यावर हे काम जमण्यासारखे आहे. मात्र कोणत्या रोपाला कोणते पाणी चालते हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. मालातला ऐब आम्हाला कोणी सांगितला नाही, त्याची किंमत आम्ही पाच कुंड्यांत मोजली. यंदा आम्ही वाळ्याचे आठ ड्रम भरले आहेत.