मोटारी सुरू झाल्या तरी न मंदावणारा बल्ब

प्रश्न : बैठकीच्या खोलीत दिवा कमी-जास्त करायचा जुना डिमर आहे. साठचा पिवळा बल्ब त्यावर छान मंद व्हायचा. एलईडी लावल्यापासून तो नुसता लुकलुकतो; बटण बंद केलं तरी मिणमिणत राहतो. बिघाड बल्बात की डिमरमध्ये?
– एक वाचक, कन्हेरी (ता. बारामती)

उत्तर : बहुधा दोन्ही धड आहेत, त्यांचं आपसात जुळत नाही. आठवून पाहा, रात्री उसाला पाणी द्यायला शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की विजेचा दाब पडायचा आणि घरातला पिवळा बल्ब मलूल व्हायचा. एलईडी तसा होत नाही. त्याच्या बुडातलं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, दाब उतरला तरी प्रकाश राखून धरतं. हाच गुण डिमरच्या आड येतो.

आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणजे 100 अर्धलहरींची. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा एक तुकडा कापतो. पिवळ्या बल्बातली तापलेली तार त्यामुळे थोडी निवते आणि उजेड कमी होतो. ड्रायव्हर मात्र आधी ती तूट भरून काढतो. तुकडा मोठा झाला की त्याला पुरेशी वीज मिळत नाही आणि तो बंद-चालू होऊ लागतो. शिवाय बऱ्याच जुन्या डिमरना निदान 40 ते 60 वॉटचा भार लागतो. तुमचा बल्ब असेल 9 वॉटचा.

बंद केल्यावरचं मिणमिणणं म्हणजे डिमरमधून किंवा बटणावरच्या छोट्या लाल दिव्यातून झिरपणारी वीज. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं असेल तरी असंच होतं, आणि ते धोक्याचं आहे. बल्ब बदलताना झटका बसू शकतो. वायरमनकडून एवढं आधी तपासून घ्या.

मंद उजेड हवाच असेल तर खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब आणि एलईडीसाठीचा डिमर, दोन्ही घ्या. उजाला योजनेतून 2015 पासून घरोघरी गेलेले बल्ब साध्या बटणासाठीच आहेत. सीएफएलही साधा असेल तर डिमरवर लावू नका, आणि पंख्याच्या रेग्युलेटरवर कुठलाच दिवा नको. मी तुमच्या जागी असतो तर डिमर काढून साधं बटण बसवलं असतं आणि बटण बंद-चालू केलं की उजेडाची पायरी बदलणारा बल्ब आणला असता. फक्त रात्रीपुरता उजेड हवा असेल तर अर्ध्या वॉटचा एलईडी झिरो पुरतो. जुना ‘झिरो’ नावालाच झिरो होता, तो 15 वॉटपर्यंत वीज खायचा.