नोकरी सांभाळून सहकार पदविका

कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यातील सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत विकास सोसायट्या, दूध संस्था, पतसंस्था, नागरी बँका व साखर कारखाने यांचे दाट जाळे विणले गेले आहे. या संस्थांतील अनेक सेवक दिवसभर कामकाज उरकून रात्री एका कठीण परीक्षेची तयारी करीत असतात. शासनाच्या सहकार खात्यातर्फे घेतली जाणारी सहकार व लेखा पदविका, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली ‘जी. डी. सी. ॲण्ड ए.’, ही ती परीक्षा होय.

लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व तत्त्वे, सहकारी व इतर कायदे, सहकारी पतपुरवठा आणि बिगरपतपुरवठा संस्था अशा विषयांच्या एकूण ६ प्रश्नपत्रिका असतात. परीक्षा सर्वसाधारणपणे मे महिन्यात येते. अडचण नेमकी येथेच आहे. फेब्रुवारी-मार्च हे वसुलीचे दिवस, तर एप्रिल हा ताळेबंदाचा. अभ्यासाला सर्वाधिक वेळ हवा, त्याच वेळी कामाचा भार शिगेला पोहोचतो. म्हणून दिवाळी आटोपताच अभ्यासास आरंभ करावा आणि जानेवारीअखेर सर्व विषयांचे एक वाचन पुरे करावे, हे हिताचे.

रोज पहाटेचा एक तास आणि रविवारी घड्याळ लावून सोडविलेली एक पूर्ण प्रश्नपत्रिका, एवढा नेम पुरेसा ठरू शकतो. लेखाशास्त्र केवळ वाचून येत नाही. उदाहरणे हाताने सोडवावी लागतात. सेवकापाशी मात्र एक साधन आयतेच असते. रोजकीर्दीतील नोंद खतावणीत कशी जाते, तेथून तेरीज व ताळेबंद कसा तयार होतो, हे तो प्रत्यक्ष पाहत असतो. कायद्याचे कलम वाचताना संस्थेचे पोटनियम शेजारी ठेवावेत. वरिष्ठांच्या अनुमतीने मागील लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती अहवाल अभ्यासावेत.

परंतु अनुभव हाच कधी कधी अडसर ठरतो. ‘आमच्या संस्थेत असे करतात’ हे परीक्षेतील उत्तर नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० काय सांगतो आणि वहिवाट काय आहे, यांतील अंतर ओळखणे हेच या अभ्यासाचे मर्म आहे. लेखापरीक्षकाचे कामही तेच.

या जाणिवेचे मोल ठेवीदार जाणतात. पुरेसे भांडवल व उत्पन्नाची शक्यता नसल्याने रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे हे छत्र नाही. तेथे चोख हिशेब आणि जागरूक लेखापरीक्षण यांवरच सभासदांची भिस्त असते.

१९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच भूमीत ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग रुजविला. या संस्थेच्या साताऱ्यातील वाणिज्य महाविद्यालयास सहकाराचे पुरस्कर्ते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे नाव आहे. श्रम आणि शिक्षण यांची ही सांगड कामावरून परतून वही उघडणारा सेवक आजही घालीत आहे. त्याच्या यशात त्याची बढती आहेच. शिवाय गावच्या ठेवीची राखणही आहे.