मालगाडीतील घातक माल व अग्निशामकांस द्यावयाची माहिती
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी पाठ-विवेचन)

आग लागली की पाणी ओतावे, ही समजूत लहानथोर सर्वांची आहे. लाकडाच्या अथवा कडब्याच्या आगीस ती लागू पडते. परंतु कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले म्हणजे ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू निर्माण होतो आणि आग विझण्याऐवजी अधिकच भडकते. म्हणून आग विझविण्यास निघालेल्या मनुष्यास पाण्याच्याही आधी एक गोष्ट हवी असते. ती म्हणजे, जळत आहे ते काय, याची माहिती. घरास आग लागली तर हे उत्तर घरधनी देतो. मालगाडीस अपघात झाला तर ते कोणी, केव्हा व कसे द्यावयाचे, हा प्रश्न अलीकडच्या काळात कॅनडा व अमेरिका या देशांत फार मोठी किंमत मोजल्यानंतर ऐरणीवर आला. तेथील अनुभव सामान्य विज्ञान व नागरिकशास्त्र या दोन्ही विषयांच्या अध्यापनात उपयोगी पडण्याजोगा आहे.

लाक-मेगांटिक येथील अपघात

लाक-मेगांटिक हे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील एक लहान नगर आहे. ५ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या खनिज तेलाच्या ७२ टाक्या असलेली एक मालगाडी तेथून सुमारे ११ किलोमीटरवर, चढावरील एका ठिकाणी उभी करून ठेविली होती. चालक विश्रांतीस गेल्यावर पुढच्या इंजिनास आग लागली. स्थानिक अग्निशामकांनी इंजिन बंद करून ती विझविली. मात्र इंजिन बंद राहिल्यास हवेच्या ब्रेकांतील दाब हळूहळू ओसरतो. ही गोष्ट त्यांना समजावून सांगणारा जाणकार त्या वेळी तेथे नव्हता. रेल्वेने पाठविलेल्या कर्मचाऱ्यास इंजिनाच्या कामाचा अनुभव नव्हता. हातब्रेकही पुरेसे लाविलेले नव्हते. मध्यरात्रीनंतर गाडी आपोआप उतारास लागली व ६ जुलै रोजी रात्री सव्वाच्या सुमारास नगराच्या मध्यभागी घसरली. ६३ टाक्या रुळांवरून उतरल्या, सुमारे ६० लक्ष लिटर तेल सांडले, ते पेटले आणि ४७ माणसे प्राणास मुकली.

पुढे चौकशीत असे आढळले की, तेल प्रत्यक्षात जितके ज्वालाग्राही होते तितके ते कागदोपत्री दाखविलेले नव्हते. शिवाय, कोणता घातक माल आपल्या वस्तीतून जातो हे नगरपालिकांस कळविण्याचे बंधन तोपर्यंत रेल्वे कंपन्यांवर नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅनडाच्या शासनाने अशी माहिती नगरपालिकांच्या नियुक्त अधिकाऱ्यांस देण्याचा आदेश काढला.

ईस्ट पॅलेस्टाइन येथील अपघात

३ फेब्रुवारी २०२३ रोजी रात्री अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन या गावी एका मालगाडीचे ३८ डबे घसरले. त्यांपैकी ११ टाक्यांत घातक पदार्थ होते. टाक्यांवर धोक्याचे फलक लाविलेले असतात, परंतु ते आगीच्या ज्वाळांत जळून गेले. डब्यांची यादी गाडीच्या कर्मचाऱ्यांजवळ असते. येथे तर कर्मचाऱ्यांनी सुरक्षिततेसाठी इंजिन सोडवून सुमारे मैलभर पुढे नेले होते. धावून आलेल्या अग्निशामकांत स्वयंसेवकांचा भरणा मोठा होता. आपण कशाशी झुंजत आहोत, हे सांगणारी यादी त्यांच्या हाती पडण्यास सुमारे तासभर लागला.

याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. घसरलेल्या पाच टाक्यांत व्हिनाइल क्लोराइड होते. त्यांचा स्फोट होईल या भीतीने ६ फेब्रुवारी रोजी त्या मुद्दाम फोडून आतील रसायन जाळण्यात आले. स्फोटाकडे नेणारी रासायनिक क्रिया टाक्यांत चालू नाही, असे ते रसायन बनविणाऱ्या कंपनीच्या तज्ज्ञांचे मत होते. पण निर्णय ज्याने घ्यावयाचा त्या अग्निशामक प्रमुखापर्यंत ते पोहोचलेच नाही. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२४ मध्ये चौकशीअंती असा निष्कर्ष काढिला की, रसायन जाळण्याची आवश्यकता नव्हती. तात्पर्य, माहिती अस्तित्वात होती, ती जाणणारेही होते; परंतु योग्य वेळी योग्य माणसाजवळ ती नव्हती.

माहिती पोहोचविण्याची साधने

घातक पदार्थांस संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीनुसार चार अंकी क्रमांक दिलेले आहेत. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा द्रवरूप वायू, १२०३ म्हणजे पेट्रोल. भाषा कोणतीही असो, क्रमांक तोच राहतो. या क्रमांकावरून पदार्थाचे गुण व करावयाची उपाययोजना सांगणारी मार्गदर्शिका उत्तर अमेरिकेत दर चार वर्षांनी प्रसिद्ध होते. २०१४ पासून तेथील रेल्वे कंपन्यांनी डब्याच्या क्रमांकावरून आतील माल सांगणारी एक मोबाइल-योजना अग्निशामकांसाठी सुरू केली. जून २०२४ मध्ये अमेरिकी शासनाने नवा नियम केला. त्यानुसार गाडीतील घातक मालाची अद्ययावत यादी कंपनीने विद्युत-माध्यमात ठेवावी आणि अपघात होताच कोणी मागण्याची वाट न पाहता ती बचावकार्य करणाऱ्यांस कळवावी.

अशी माहिती उघड केल्यास घातपात करणारे तिचा उपयोग करतील, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. म्हणूनच कॅनडात ती सर्वांस न देता नियुक्त अधिकाऱ्यांस विश्वासाने देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. गुप्तता शत्रूपासून राखावयाची असते, रक्षकापासून नव्हे, हा विवेक विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावा.

वर्गातील उपयोग

आपल्या गावाजवळील हमरस्त्यावरून टँकर जातात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार घातक माल नेणाऱ्या वाहनावर तीन ठिकाणी आपत्कालीन माहितीचा फलक असावा लागतो. पदार्थाचे नाव, धोक्याचे चिन्ह व दूरध्वनी क्रमांक त्यावर असतात. अशा फलकाचे चित्र फळ्यावर काढून त्याचे वाचन करून घ्यावे.

त्यानंतर पुढील खेळ घ्यावा. काड्याच्या दहा रिकाम्या पेट्यांची गाडी करावी व प्रत्येक पेटीत पदार्थाच्या नावाची चिठ्ठी घालावी. यादी एका मुलाजवळ देऊन त्यास वर्गाबाहेर उभे करावे. चौथ्या पेटीस आग लागली असे जाहीर करून दुसऱ्या गटास, पाणी मारावे की मारू नये, हे ठरविण्यास सांगावे. मग यादी आत आणवून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. दोन्ही उत्तरांतील अंतर हाच या पाठाचा आशय होय.

एक सूचना मात्र निक्षून द्यावी. उलटलेल्या टँकरजवळ फलक वाचण्यासाठी अथवा सांडलेले तेल भरून घेण्यासाठी कोणीही जाऊ नये. वारा जिकडून येतो त्या बाजूस दूर सरावे, मोठ्या माणसांस सांगावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर ठिकाण व दुरून दिसलेली माहिती कळवावी.

स्वाध्याय

१. इंजिनाची आग विझली तरी लाक-मेगांटिक येथील अपघात का टळला नाही?
२. डब्यांची यादी केवळ गाडीच्या कर्मचाऱ्यांजवळ असणे पुरेसे का नाही?
३. पदार्थाच्या नावाबरोबर क्रमांक देण्याचा लाभ कोणता?
४. गावातील कीटकनाशकांच्या दुकानास आग लागली, तर विझविणाऱ्यांस कोणती माहिती प्रथम द्यावी व ती कोणाजवळ असावी? चर्चा करून लिहा.