केसाळ दुधी : एका रानवनस्पतीची ओळख

दुधी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भोपळा येतो. परंतु पायवाटेच्या कडेला, मैदानाच्या कोपऱ्यात, फरशीच्या फटीत उगवणाऱ्या एका रानवनस्पतीलाही हेच नाव आहे. तिला नायटी असेही म्हणतात. कार्ल लिनीयस यांनी १७५३ साली तिला ‘युफोर्बिया हिर्टा’ हे शास्त्रीय नाव दिले. ‘हिर्टा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ केसाळ. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती आज भारतातही सर्वत्र रुजली आहे.

एरंड कुलातील ही लहान ओषधी वर्षायू आहे. तिच्या तांबूस खोडावर पिवळसर राठ केस असतात. पाने समोरासमोर, दंतुर कडांची. त्यांचा तळ तिरका, म्हणजे मधल्या शिरेच्या दोन बाजू असमान असतात. खोड तोडताच पांढरा चीक पाझरतो.

पानांच्या बगलेत दिसणारे हिरवट गोल झुबके भिंगाखाली पाहावेत. त्यांतील प्रत्येक इवलासा पेला एकच फूल वाटतो. वस्तुतः तो चषकरूप फुलोरा असतो. त्याच्या मध्यभागी एक स्त्री-पुष्प व भोवती अनेक पुं-पुष्पे असतात. प्रत्येक पुं-पुष्प म्हणजे केवळ एक पुंकेसर! फळ तीन कप्प्यांचे व केसाळ असून प्रत्येक कप्प्यात एकच बी असते.

तुडवलेली, उघडी, उन्हाने तापलेली जमीन हे तिचे घर. ज्वारी, मका, ऊस यांच्याप्रमाणेच प्रकाशसंश्लेषणाची विशेष रीत तिच्यापाशी आहे. त्यामुळे भर उन्हातही ती पाण्याचा काटकसरीने वापर करून अन्न तयार करते. उंच गवताच्या दाटीत मात्र तिचा टिकाव लागत नाही.

दमा, खोकला व अतिसार यांवर लोकवैद्यकात तिचा वापर होत आला आहे. येथेच सावधगिरी हवी. जमिनीलगत पसरणारी, बारीक पानांची लहान दुधी ही वेगळी जाती. चीक असलेल्या इतरही अनेक वनस्पतींना लोक दुधी म्हणतात. केवळ नावावर विसंबून औषध घेणे घातक ठरू शकते. चीक दुधासारखा दिसला तरी तो दूध नव्हे. डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो. म्हणून मुलांना ही वनस्पती अवश्य दाखवावी, केस, पाने, फुलोरा स्वतः तपासू द्यावा आणि नंतर हात धुण्यास सांगावे. नाव ऐकून नव्हे, तर लक्षणे पडताळून ओळखणे हाच वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा होय.