आमचा किल्ला पक्का कसा केला

दिवाळीत आम्ही अंगणात रायगड केला. दुसऱ्याच दिवशी धाकटा भाऊ वर चढला. दगड घसरून त्याच्या पायावर पडला. बोट चांगलंच सुजलं. आजोबा म्हणाले, "तटाचा पाया रुंद पाहिजे. तुमचा गड वरच जड झालाय." मग आम्ही तो मोडून पुन्हा रचला.

१. पाया ४ फूट, उंची २ फूट. मोठे दगड खाली.

२. मातीतल्या काचा, खिळे आधी वेचले.

३. दगडांवर भिजवलेलं गोणपाट टाकून वर चिखल लिंपला. गोणपाट माती धरून ठेवतं.

४. पणती गोणपाटापासून लांब, विटेवर ठेवली. किल्ल्यात फटाका लावला नाही. खडे उडून डोळ्याला लागतात.

शेवटी भावाच्याच हातून महाराज गडावर बसवले. मित्रांनो, किल्ला करताना आधी पाया बघा!